सात पदार्थांची थाळी: विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला निघालेल्यांसाठी

पहिल्या वर्षी वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘पदार्थ सात आहेत.’ मागच्या बाकावरून आवाज आला, ‘थाळी लिमिटेड की अनलिमिटेड?’ वर्ग हसला, सरही हसले आणि मग त्यांनी सांगितलं की इथे पदार्थ म्हणजे जे जे आहे त्याचे मूलभूत प्रकार, आणि सातही नावं खाली लिहिली: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, अभाव. एक ‘समवाय’ सोडला तर बाकीचे सगळे शब्द मला लहानपणापासून येत होते आणि तरी त्यातल्या एकाचाही इथला अर्थ मला माहीत नव्हता. द्रव्य म्हणजे पैसा नव्हे, गुण म्हणजे मार्क नव्हेत, ‘सामान्य’ म्हणजे साधासुधा नव्हे. हजार गायींमध्ये जे एकच ‘गोत्व’ असतं, ते सामान्य.

तत्त्वज्ञान अवघड जातं ते नेमकं इथे. लोक दोष देतात जडजंबाल शब्दांना. पण जड शब्द आला की माणूस निदान थांबतो, कोश उघडतो, शेजारच्याला विचारतो. ओळखीच्या शब्दावर कुणी थांबत नाही. तो तसाच गिळला जातो आणि सेमिस्टरच्या शेवटी कळतं की आपण भलतंच काहीतरी शिकत होतो.

मी मराठी माध्यमातून या विषयात बीए आणि एमए केलं, पुढे काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलंही. (‘तासिका तत्त्व’ या शब्दात तत्त्व आहे, तत्त्वज्ञान अजिबात नाही. त्याबद्दल शेवटी.) बारावीनंतर हा विषय घेणारे आणि दुसऱ्या शाखेतून एमएला येणारे, दोघांच्याही उपयोगी पडेल असं जे काही हाताशी आहे ते इथे क्रमानं लिहितो.

आधी खात्री करून घ्या

प्रवेश घेण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. इथे ‘आयुष्य कसं जगावं’ याची प्रवचनं नसतात. एखाद्याच्या भाषणानं भारावून आलेली मुलं पहिल्या दोन महिन्यांत हिरमुसतात, कारण त्यांना हवं असतं उत्तर आणि वर्गात चालू असतं उत्तराचं ऑपरेशन. अभ्यासक्रमाचे ठोकळ भाग असे: ज्ञान म्हणजे काय आणि ते कशानं होतं (ज्ञानमीमांसा), मुळात आहे काय (सत्ताशास्त्र), बरोबर-चूक कशावरून ठरवायचं (नीतिशास्त्र), कशावरून काय निष्पन्न होतं (तर्कशास्त्र). त्याशिवाय भारतीय दर्शनं, पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा इतिहास, समाज-राज्याचं तत्त्वज्ञान, धर्माचं तत्त्वज्ञान, सौंदर्यशास्त्र.

आपल्याला हे जमेल का, याची एक स्वस्त चाचणी आहे. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या कला शाखेत तर्कशास्त्र हा विषय आहे. बालभारतीचं त्याचं पाठ्यपुस्तक मिळवा आणि कुठलंही एक प्रकरण शांतपणे वाचा. कंटाळा आला तरी हरकत नाही, मलाही आला होता. पण वाचता वाचता ‘हे असंच का?’ असं मनात दोनदा तरी आलं, तर पुढे जा. एकदाही आलं नाही, तर घाई करू नका.

प्रवेश: कागदावरचा विषय आणि वर्गातला विषय

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता मेजर-मायनरची भाषा आहे. पदवी तीन वर्षांची किंवा ऑनर्ससह चार वर्षांची. तीन वर्षांनी बाहेर पडलात तर एमए दोन वर्षांचं, चार वर्षं पुरी केलीत तर एक वर्षाचं. हे सगळं माहितीपत्रकात नीट छापलेलं असतं. माहितीपत्रकात जे नसतं ते विचारायला कॉलेजात स्वतः जा.

काही ठिकाणी विषय यादीत असतो, पण शिकवायला माणूस नसतो. किंवा पहिल्या वर्षी असतो आणि मेजरची वेळ आली की ‘विद्यार्थीसंख्या पुरेशी नाही, दुसरा विषय घ्या’ असं सांगतात. माझ्या एका वर्गमित्राला दुसऱ्या वर्षी असंच राज्यशास्त्राकडे वळवलं. बिचाऱ्याचा वर्ग गेला, वह्या माझ्याकडे राहिल्या. म्हणून ऑफिसात न विचारता तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. मेजर शेवटपर्यंत मिळतं का? पूर्णवेळ शिक्षक किती? तर्कशास्त्राचे तास खरोखर होतात की त्याच्या नोट्स वाटतात? उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का? शेवटचा प्रश्न एमएला विशेष महत्त्वाचा.

एमएसाठी पुणे, मुंबई, नागपूर आणि गोवा विद्यापीठात विभाग आहेत. बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. माझ्या वर्गात एक इंजिनिअर होता, एक नर्स होत्या आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. काकांचा पेपर सगळ्यांत चांगला असायचा. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचं (मुक्त विद्यापीठाचं, घरून करायचं) एमए आहे, पण तिथे वाचनाची शिस्त स्वतःची स्वतः लावावी लागते. हैदराबाद किंवा जेएनयूसारख्या केंद्रीय विद्यापीठांत जायचं असेल तर सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेच्या तारखांवर डोळा ठेवा.

मोठ्या शहरात गेलं तरच हा विषय होतो असंही समजू नका. खानदेशातल्या अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तेव्हा देशभरातून अभ्यासक तिथे येऊन राहत. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी या मंदिरात अभ्यास करायला, शाळेतले शिक्षक ते नंतर झाले.

पहिला महिना: शब्दांची वही

बाकी काही केलं नाहीत तरी हे करा. दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर शब्द आणि त्याचा बोलीतला अर्थ, उजव्या पानावर तोच शब्द अभ्यासात कोण कोणत्या अर्थानं वापरतो ते. एका शब्दाला निदान अर्धं पान सोडा, कारण अर्थ वाढत जातात. माझ्या वहीतली काही पानं दाखवतो.

अनुमान. बोलताना आपण म्हणतो, ‘माझं आपलं अनुमान आहे, पाऊस येईल.’ म्हणजे अंदाज, चुकला तर चुकला. न्यायदर्शनात (तर्क आणि ज्ञानाची साधनं यांचा विचार करणाऱ्या भारतीय दर्शनात) अनुमान हे प्रमाण आहे, म्हणजे ज्ञान मिळवण्याचं खात्रीचं साधन. अंदाजाच्या अगदी उलट टोक.

हेतू. बोलीत उद्देश. न्यायात अनुमानाचा आधार. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. इथे ‘धूर’ हा हेतू. धुराचा काही उद्देश नसतो.

पक्ष. वर्तमानपत्रात राजकीय. अनुमानात ज्याच्याबद्दल काही सिद्ध करायचं ते ठिकाण, म्हणजे वरच्या उदाहरणात डोंगर. आणि ‘पूर्वपक्ष’ म्हटलं की पुन्हा तिसराच अर्थ: प्रतिस्पर्ध्याची बाजू.

वाद. घरात झाला तर भांडण. शब्दाच्या शेवटी लागला तर मत: अनुभववाद, बुद्धिवाद. न्यायसूत्रांत मात्र सत्य शोधण्यासाठी प्रामाणिकपणे केलेली चर्चा म्हणजे वाद. नुसतं जिंकण्यासाठी जी होते ती जल्प, आणि स्वतःची कुठलीच बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडतोड करायची ती वितंडा. टीव्हीवर संध्याकाळी काय चालतं ते तुम्हीच ठरवा.

निगमन. ही खरी खोड मोडणारी जागा. पाश्चात्य तर्कशास्त्राच्या मराठी पुस्तकात निगमन म्हणजे आधारविधानांतून निष्कर्ष अपरिहार्यपणे निघणं, आणि त्याच्या जोडीला विगमन, म्हणजे काही दाखल्यांवरून सर्वसाधारण नियमाकडे जाणं. न्यायाच्या पाच वाक्यांच्या अनुमानात निगमन म्हणजे फक्त शेवटचं, पाचवं वाक्य. एकाच आठवड्यात दोन पेपरांत हा शब्द दोन अर्थांनी येतो. वर हिंदी पुस्तक उघडलंत तर आपल्या ‘विगमना’ला तिथे ‘आगमन’ म्हणतात. मी पहिल्यांदा ‘आगमन की समस्या’ असा मथळा वाचला तेव्हा मला गणपतीच आठवले.

वैध. बोलीत कायदेशीर किंवा मुदत न संपलेला: ‘पास ३१ मार्चपर्यंत वैध.’ तर्कशास्त्रातल्या अर्थाबद्दल खाली स्वतंत्र लिहिलंय, कारण तिथे जवळजवळ सगळेच घसरतात.

ही वही गाइडमधून उतरवायची नाही. शब्द वर्गात किंवा पुस्तकात अडला की त्या दिवशीच लिहायचा, जिथे अडला ते वाक्यही सोबत लिहायचं. इंग्रजी नाव देवनागरीत लिहिलं तरी चालेल, पण लिहा, पुढे लागतंच. अडलेल्या ठिकाणी दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश पाहा. तीन खंड आहेत, १९७४ चे. घरी घ्यायची गरज नाही, जुन्या कॉलेजांच्या ग्रंथालयात बहुतेक वेळा संदर्भ विभागात धूळ खात असतात. मराठी विश्वकोश तर ऑनलाइन फुकट आहे.

तर्कशास्त्र: आंबे आणि सफरचंदं

तर्कशास्त्राचा पेपर मुलं दोन कारणांनी घेतात: गणितासारखे पूर्ण मार्क पडतात म्हणून, आणि नाइलाजानं. माझं ऐकाल तर तो पहिल्या वर्षीच मन लावून करा, बाकीचे सगळे पेपर त्याच्यावर उभे आहेत. चिन्हं आणि सत्यता-कोष्टकं सरावानं येतात. मुद्दा ‘वैध’ या शब्दाचा आहे.

हा युक्तिवाद बघा:

सगळे पुणेकर दुपारी एक ते चार झोपतात.
माझी मावशी पुणेकर आहे.
म्हणून माझी मावशी दुपारी एक ते चार झोपते.

पहिलं विधान खोटं आहे (माझी मावशी त्या वेळात शिकवणी घेते), पण युक्तिवाद वैध आहे. दोन्ही आधारविधानं खरी मानली तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही. वैधता एवढंच विचारते. आता हा:

सगळे आंबे फळं आहेत.
काही फळं कोकणात पिकतात.
म्हणून काही आंबे कोकणात पिकतात.

तिन्ही वाक्यं खरी. रत्नागिरीचा माणूस तर शपथेवर सांगेल. तरीही युक्तिवाद अवैध. कसं तपासायचं? साचा तोच ठेवा आणि आंब्याच्या जागी सफरचंद घाला. सगळी सफरचंदं फळं आहेत, खरं. काही फळं कोकणात पिकतात, खरं. म्हणून काही सफरचंदं कोकणात पिकतात? साचा आतून पोकळ होता. आंब्याच्या बाबतीत निष्कर्ष खरा निघाला तो आपल्या आधीच्या माहितीमुळे, युक्तिवादामुळे नव्हे.

ही ‘सफरचंद घालून बघायची’ सवय लावा. वर्तमानपत्रातला अग्रलेख, व्हॉट्सअॅपवरचा निरोप, सासऱ्यांचं राजकीय विश्लेषण, कशालाही लागू पडते. फक्त सासऱ्यांना बोलून दाखवू नका.

एक पान कसं वाचायचं

तत्त्वज्ञानात दिवसाला चाळीस पानं वाचणारा विद्यार्थी दिसला की मला शंका येते. चार पानं पुष्कळ झाली.

अठराव्या शतकातल्या ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाचं उदाहरण घेऊ. मानवी आकलनावरचं त्याचं छोटं पुस्तक १७४८ चं आहे, आणि त्यातलं चौथं प्रकरण जवळजवळ प्रत्येक विद्यापीठात वाचावं लागतं. त्यात तो म्हणतो की ‘सूर्य उद्या उगवणार नाही’ हे वाक्य नीट समजण्याजोगं आहे, त्यात आत्मविसंगती नाही. आता परीक्षेच्या पेपरात दरवर्षी निदान एक जण लिहितो: ‘ह्यूमच्या मते सूर्य उद्या उगवणार नाही.’ मी हे तपासलेलं आहे, लाल पेन हातात धरून.

असं होऊ नये म्हणून पान तीनदा वाचायचं. पहिल्यांदा पेन्सिल खाली ठेवून, नुसतं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, पण ‘महत्त्वाची’ वाक्यं अधोरेखित करायची नाहीत. महत्त्वाचं काय ते तुम्हाला अजून माहीत नाही. फक्त जोडशब्दांना गोल करा: कारण, म्हणून, पण, जर, तरीही. युक्तिवादाचे सांधे तिथे असतात. शिवाय ‘हे मत लेखकाचं की तो दुसऱ्याचं सांगतोय?’ एवढं समासात लिहा. तिसऱ्यांदा वाचून पुस्तक मिटा आणि आपल्या मराठीत पाच ओळी लिहा. ह्यूमच्या पानाच्या माझ्या पाच ओळी अशा होत्या:

१. घडणाऱ्या गोष्टींबद्दल कुठलंही विधान घ्या, त्याच्या उलट घडल्याची कल्पना करता येते.
२. म्हणून ‘सूर्य उद्या उगवेल’ हे नुसत्या बुद्धीनं सिद्ध होत नाही.
३. अनुभवानं सिद्ध करू म्हटलं तर ‘आजवर झालं तसंच पुढे होईल’ हे धरून चालावं लागतं.
४. पण ते तरी कशावरून? पुन्हा अनुभवावरून.
५. म्हणजे जे सिद्ध करायचंय तेच आपण गृहीत धरतोय.

पाच ओळी जमल्या नाहीत तर पान कळलेलं नाही, पुन्हा वाचा. जमल्या तर सहावी ओळ स्वतःची: मला कुठे पटत नाही. पटत नाही असं काहीच नसेल तर ‘हे आधी कुठे वाचलंय?’ असं विचारा. ह्यूमच्या बाबतीत याचं उत्तर भारतीय दर्शनांच्या पेपरात सापडतं. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती (म्हणजे दोघांचा कायमचा संबंध) तुम्हाला कळली कशी, सगळे धूर पाहिलेत का, असं फक्त प्रत्यक्ष मानणारा चार्वाक नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांना, विचारतो. दोघांचे प्रश्न हुबेहूब एक नाहीत. ते कुठे वेगळे पडतात हे शोधण्यात माझं एमएचं अख्खं दुसरं सेमिस्टर गेलं आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

भारतीय बाजूला अशा वाचनासाठी अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह घ्या. सतराव्या शतकातलं छोटंसं पुस्तक, नवशिक्यांसाठीच लिहिलेलं. संस्कृत येत नसलं तरी मराठी विवरणं मिळतात. त्यात धुरावरून अग्नी पाच वाक्यांत सिद्ध करतात: डोंगरावर अग्नी आहे (प्रतिज्ञा), कारण तिथे धूर आहे (हेतू), जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात (उदाहरण), हा डोंगरही तसाच (उपनय), म्हणून इथे अग्नी आहे (निगमन). हे उलट फिरवून बघा. अग्नी आहे म्हणून धूर आहे, असं चालेल? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला सरपण ओलं लागतं. या ओल्या सरपणाला शास्त्रात ‘उपाधी’ (म्हणजे लपलेली अट) म्हणतात. चूल पाहिलेल्या मुलीला हे वर्गात सगळ्यांच्या आधी कळलं होतं. गॅसवर वाढलेल्या आम्हा बाकीच्यांना सरांनी दोनदा समजावलं.

मराठीत की इंग्रजीत?

दोन्हीत, पण क्रमानं. समजून घ्यायचं मराठीत, पडताळायचं इंग्रजीत. मराठीत पुरेसं आहे का, असं विचारणाऱ्यांना मी आधी श्री. ह. दीक्षितांचं ‘भारतीय तत्त्वज्ञान’ आणि मे. पुं. रेग्यांचं ‘पाश्चात्य नीतिशास्त्राचा इतिहास’ हातात देतो. रेग्यांचं गद्य वाचून अवघड गोष्ट सोप्या मराठीत सांगता येते यावर विश्वास बसतो. ग. ना. जोशींचा पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा इतिहास तीन खंडांत आहे. तो सलग वाचायचा नाही, लागेल तो तत्त्वज्ञ काढून वाचायचा. आणि घरात कुठेतरी गीतारहस्य असेलच. त्यातलं ‘आधिभौतिक सुखवाद’ हे प्रकरण काढा. मिल या इंग्रज तत्त्वज्ञाशी आणि मंडळींशी टिळक मराठीत कसे भिडतात ते दिसेल. टिळकांचं सगळं पटायला पाहिजे असं नाही, मला बरंचसं पटत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी ही भाषा हे वजन पेलत होती.

मात्र एमएपर्यंत इंग्रजी वाचन टाळलंत तर पुढे अडाल. मूळ ग्रंथांचे मराठी अनुवाद मोजके आहेत, आणि नेटचा (प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) पेपर फक्त इंग्रजी आणि हिंदीत असतो. म्हणून दुसऱ्या वर्षापासून दररोज इंग्रजीतलं एक पान वाचा. स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश ऑनलाइन फुकट आहे आणि तज्ज्ञांनीच लिहिलेला आहे, पण त्यातले लेख लांब असतात. सुरुवातीची प्रस्तावना आणि पहिला विभाग वाचलात तरी वर्गापुरतं भागतं. यूजीसीच्या ई-पीजी पाठशाळेवर एमएच्या पातळीचे धडे आहेत. चॅटबॉटला विचारून नोट्स काढणारेही आता भेटतात. त्या नोट्स गुळगुळीत असतात आणि वहीतल्या डाव्या-उजव्या पानांचा घोळ हमखास करतात. ‘हेतू’ म्हणजे उद्देश असं लिहिलेलं मी पाहिलंय.

उत्तरपत्रिका

इथे थोडक्यात सांगतो, कारण यात फारशी खोली नाही, फक्त सवयी मोडायच्या आहेत.

प्रश्न ‘स्पष्ट करा’ असेल तर मत समजावून द्या. ‘परीक्षण करा’ असेल तर मत, त्यामागचा युक्तिवाद, त्यावरचा आक्षेप आणि तो आक्षेप टिकतो का, हे चारही हवं. बहुतेकांची उत्तरं पहिल्यावरच संपतात.

‘देकार्त हे महान तत्त्वज्ञ होते, त्यांचा जन्म १५९६ मध्ये फ्रान्समध्ये झाला’ अशी सुरुवात करू नका. तपासनीसाला ते माहीत असतं आणि प्रश्नात ते विचारलेलं नसतं. त्याऐवजी: ‘देकार्त संशय घेतो तो संशयी म्हणून नव्हे, संशयातून काय वाचतं ते शोधण्यासाठी.’ पहिल्याच ओळीत तपासनीस सरळ होऊन बसतो. आक्षेप लिहिताना समोरच्याची बाजू आधी शक्य तितकी भक्कम करून मांडा. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत पूर्वपक्ष इतका जोरदार असतो की कधी कधी पानभर वाचून झाल्यावर कळतं, अरे, हे तर लेखकाचं मत नाहीच! ‘माझ्या मते’ असं लिहायला घाबरू नका, पण त्याच्या पुढच्या वाक्यात ‘कारण’ हवं.

एमएनंतर

‘पुढे नोकरीचं काय?’ हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे, त्याला उडवून लावू नका.

प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट किंवा सेट (राज्य पातळीवरची तशीच परीक्षा). नेट वर्षातून दोनदा, साधारण जून आणि डिसेंबरच्या सत्रात होते. दोन पेपर सलग तीन तासांत, मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. एमएला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. अभ्यासक्रमात न्यायापासून कांटपर्यंत सगळं आहेच, शिवाय गांधी, आंबेडकर, फुले, के. सी. भट्टाचार्यही आहेत, म्हणून आधुनिक भारतीय विचाराचा पेपर कमी लेखू नका. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत महिना ३७,००० रुपये असतात. त्यासाठी वयाची अट आहे, ती आधी बघा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं. एमफिल आता बंद झालंय, त्यामुळे कुणी जुना ‘एमए-एमफिल-पीएचडी’ असा रस्ता सांगितला तर तो सोडून द्या.

आणि आता तासिका तत्त्व. नेट झाल्यावर लगेच कायम नोकरी लागते असं मी सांगितलं तर तो अवैध युक्तिवाद होईल. पूर्णवेळ जागा कमी निघतात. मी ज्या कॉलेजात शिकवलं तिथे तासाला ठरलेले पैसे मिळायचे आणि तेही कधी कधी सत्र संपून दिवाळी गेल्यावर. दोन कॉलेजांतल्या तासांची वेळ जुळवण्यासाठी मी एसटीच्या वेळापत्रकात तरबेज झालो. या काळासाठी हातात दुसरं काहीतरी हवं: भाषांतर, संपादन, शिकवण्या, तीन वर्षांचं एलएलबी.

स्पर्धा परीक्षांचं म्हणाल तर यूपीएससी मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे, २५० गुणांचे दोन पेपर, आणि उत्तरं मराठीत लिहिता येतात. अभ्यासक्रम इतर विषयांच्या मानानं आटोपशीर आहे. नीतिशास्त्राचा सामान्य अध्ययनाचा चौथा पेपरही २५० गुणांचा. पण फक्त त्यासाठी एमए करू नका. त्या परीक्षेला लागणारा अभ्यास आणि दोन वर्षांचं एमए यांची लय वेगळी आहे, आणि दोन्ही एकदम ओढू गेलेली माझी तीन-चार मित्रमंडळी एमएच्या शेवटच्या सेमिस्टरला गळाली.

पहिल्या आठवड्यात करायच्या कामांची यादी विचारलीत तर ती एवढीच: ग्रंथालयाचं कार्ड, दोनशे पानी वही, आणि तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी, जिला चहा पाजून मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका आणि कुठल्या सरांचा तास चुकवायचा नाही हे विचारता येईल.